आठ ओळींचं कार्ड

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात एक तालिका कार्ड आहे. पाच बाय तीन इंचांचं, खालच्या कडेला मधोमध भोक असलेलं. लाकडी तालिका कपाटात या भोकांमधून लोखंडी सळई ओवलेली असायची, म्हणजे कार्ड कुणाला उपसून नेता येत नसे. पुढच्या बाजूला एका पुस्तकाची टाइप केलेली नोंद आहे. ते पुस्तक जीर्ण होऊन केव्हाच बाद झालं. मागच्या बाजूला निळ्या बॉलपेननं लिहिलेल्या आठ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ हॅशच्या चिन्हानं सुरू होते. पहिली ओळ सांगते की माहिती इथून सुरू, शेवटची सांगते की इथे संपली. मधल्या सहा ओळींत एका प्रोग्रामनं स्वतःची ओळख दिली आहे: माझं नाव काय, मी उठण्याआधी कोण कोण उठलेलं असायला हवं, मी थांबेपर्यंत कोण जागं राहायला हवं, कोणत्या अवस्थेत मला सुरू करायचं, कोणत्या अवस्थेत बंद करायचं, आणि माझं काम काय.

ज्यांनी हे लिहिलं त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. नांदेडमधल्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत ते सहायक होते. त्यांचं नाव मी इथे देत नाही. या लेखाबद्दल फोनवर विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नाव कशाला ताई, काम सांगा." तर काम सांगते.

२०१२ चा उन्हाळा. माझं माहेर लातूर, नोकरी नांदेडला, महाविद्यालयात ग्रंथपाल. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ची समिती यायची होती आणि प्राचार्यांनी सांगितलं होतं की ग्रंथालय संगणकावर दिसलं पाहिजे. इन्फ्लिबनेटचं 'सोल' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बऱ्याच महाविद्यालयांनी घेतलेलं होतं, पण आमच्याकडे त्या वर्षी त्यासाठी तरतूद नव्हती. मग मी 'कोहा' निवडलं, कारण ते फुकट होतं. खरं कारण तेवढंच. बाकीची कारणं मला नंतर कळली.

कोहा आलं न्यूझीलंडहून. तिथल्या लेविन या लहानशा गावात होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं ग्रंथालय होतं. त्यांची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडेल अशी धास्ती होती, आणि नवी महागडी प्रणाली त्यांना परवडत नव्हती. त्यांनी कटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीकडून १९९९ मध्ये स्वतःपुरती प्रणाली लिहून घेतली. तिचा बराचसा भाग ख्रिस कॉर्मॅक या तरुण प्रोग्रामरनं लिहिला. ३ जानेवारी २००० ला ती सुरू झाली, आणि नंतर ग्रंथालयानं आणि कंपनीनं मिळून ती जगाला खुली करून टाकली. नाव ठेवलं कोहा. माओरी भाषेत कोहा म्हणजे पाहुण्यानं यजमानाच्या घरी नेलेली भेट, जिची आठवण ठेवून पुढे कधीतरी परतभेट करायची असते. आमच्याकडे याला आहेर म्हणतात. लग्नघरी एक जण वही घेऊन बसतो, कोणी काय दिलं ते लिहून घेतो, आणि त्या घरी कार्य निघालं की वही उघडून बघतात. देणारा विसरतो, घेणाऱ्याला विसरून चालत नाही.

कोहा कसं बसवायचं याची छापील माहिती मी कुठूनतरी मिळवली होती. उबुंटू १२.०४ हे लिनक्स नुकतंच आलं होतं. एक जुना संगणक मिळाला, त्याला मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, बांधणीला पाठवायच्या पुस्तकांशेजारी जागा दिली. लिनक्सचा मला गंध नव्हता. समोरच्या कागदावर जे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर टाइप करायचं, एवढंच जमत होतं. तरी बरंच पुढे गेले. मग झेब्रापाशी अडले.

झेब्रा काय आहे हे ग्रंथालयाच्या भाषेत सांगते. कोहा सगळी पुस्तकं एका मोठ्या कोष्टकात लिहून ठेवतं. ते आपलं दाखलनोंद रजिस्टर. पण रजिस्टर चाळून पुस्तक शोधत बसलं तर दिवस जाईल. म्हणून तालिका कपाट लागतं: लेखकानुसार, विषयानुसार, शीर्षकानुसार लावलेली कार्डं. कोहाचं तालिका कपाट म्हणजे झेब्रा. इंडेक्स डेटा या डॅनिश कंपनीनं केलेला तो वेगळाच प्रोग्राम आहे. तो पडद्यामागे सतत चालू असावा लागतो. तो बंद असला तर पुस्तक रजिस्टरमध्ये असतं, कपाटात मात्र सापडत नाही.

संगणक सुरू झाल्याबरोबर झेब्रा आपोआप उठावा म्हणून त्याची सुरुवातीची स्क्रिप्ट एका ठरलेल्या डिरेक्टरीत ठेवायची आणि एक आज्ञा द्यायची, असं कागदावर होतं. मी आज्ञा दिली. उत्तर आलं: वॉर्निंग, या स्क्रिप्टमध्ये एलएसबी इन्फर्मेशन नाही.

मला वाटलं, चुकलं. सगळं पुसून पहिल्यापासून बसवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बसवलं, पुन्हा तेच. यात अकरा दिवस गेले. शेवटी मी त्या आज्ञेनं जे काही केलं होतं ते दुसरी आज्ञा देऊन काढून टाकलं आणि रोज सकाळी आल्यावर झेब्रा हातानं सुरू करायची सवय लावून घेतली. शोध चालायला लागला. नोंदी भरायला दोन मुली होत्या, त्या भराभर भरत होत्या.

पण तो उन्हाळा २०१२ चा होता आणि गाव नांदेड होतं. दिवसातून दोन-तीनदा लाईट जायची. यूपीएस दहा मिनिटं तग धरायचा, मग संगणक बंद. लाईट आली की संगणक आपला आपण सुरू व्हायचा, कोहाचं पान उघडायचं, देवघेवही चालायची. फक्त शोधात शून्य पुस्तकं. मी वर्गावर असले, कार्यालयात असले, तर कुणाच्या लक्षातच यायचं नाही. विद्यार्थी दोनदा शोधायचा आणि पुस्तक नाही म्हणून निघून जायचा. समितीसमोर असं झालं तर, या विचारानं मला झोप येईनाशी झाली.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून थोडं थांबून लिहिते. लेविनला किंवा वेलिंग्टनला संगणक वर्षातून एखाद्या वेळी बंद करून सुरू करत असतील. तिथे सुरुवातीची स्क्रिप्ट हा एकदा करून सोडून द्यायचा भाग. आमच्याकडे भारनियमनामुळे दिवसातून तीनदा ती परीक्षा व्हायची. मराठवाड्यातल्या ग्रंथालयाची प्रणाली चालते की नाही, हे त्या दहा-पंधरा ओळींवर ठरत होतं.

मग कुणीतरी सांगितलं की स्क्रिप्टच्या डोक्यावर काही ओळी घातल्या की वॉर्निंग जाते. मी ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली, कार्यालयातल्या विंडोजच्या संगणकावर वर्डपॅडमध्ये उघडली, ओळी घातल्या, परत आणून ठेवली. आता झेब्रा हातानंही सुरू होईना. संदेश आला: बॅड इंटरप्रिटर, अशी फाइल नाही. फाइल तर डोळ्यांसमोर होती. समिती यायला पाच दिवस राहिले होते.

भाऊंचा नंबर मला महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सवाल्यानं दिला. मी ओळखीची ना पाळखीची. संध्याकाळी सहानंतर येतो म्हणाले आणि सहा वाजून दहा मिनिटांनी स्कूटर लावून आत आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, खिशाला दोन पेनं. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, शेवटी हात कशाला लावला होतात?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "नवीन बसवू नका आता. परत परत बसवलं की जुनी चूक झाकून जाती." आणि त्यांनी एक छोटी आज्ञा देऊन माझी फाइल पडद्यावर अशी उघडली की तिच्यातली न दिसणारी चिन्हंही दिसावीत. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक टोपी आणि तिच्याशेजारी इंग्रजी एम. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, शिवणीच्या टाक्यासारखे एकाखाली एक. वर्डपॅडमध्ये यातलं काही दिसलं नव्हतं.

"हे काय आहे ते सांगतो, चला," म्हणाले आणि मला कार्यालयाच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे गोदरेजचा जुना मराठी टाइपरायटर झाकून ठेवलेला होता. त्यांनी झाकण काढलं, एक कोरा कागद घातला, चार अक्षरं उमटवली आणि डावीकडची पट्टी हलकेच ढकलली. रूळ एका ओळीनं वर फिरला. पट्टी आणखी ढकलली. गाडी सरकत सरकत उजवीकडे गेली आणि पुढची ओळ सुरुवातीपासून लिहायला मोकळी झाली.

"कामं दोन आहेत बघा. कागद वर घेणं एक, गाडी मागं आणणं एक. विंडोज अजून दोन्ही लिहून ठेवतंय. लिनक्स एकच लिहितंय. तुमच्या फाइलीत दुसरं खूण म्हणून उरलंय. ते पहिल्या ओळीतल्या बॅशच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नावाला चिकटलं. मशीन बॅश शोधत नाही, ती खूण चिकटलेला बॅश शोधायलंय. तसा प्रोग्राम जगात कुठं नाही. म्हणून म्हणतंय, नाही."

तरुणपणी ते टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, अशा परीक्षांना त्यांनी कितीतरी मुलं बसवली. नव्वदच्या दशकात 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सच्या सीडी यायच्या. त्या मिळवून, प्रयोगशाळेतले बाद केलेले संगणक घेऊन ते रात्री बसायचे. कोणी शिकवलं नाही, शिकायला सांगितलं नाही, पगार वाढला नाही. मी नंतर पुष्कळ प्रशिक्षणं केली, मोठ्या संस्थांतले तज्ज्ञ ऐकले. त्या टाइपरायटरपाशी मिळालेल्या पाच मिनिटांइतकं स्वच्छ स्पष्टीकरण मला कुठे मिळालं नाही.

त्या खुणा एका ओळीच्या आज्ञेनं निघाल्या. झेब्रा हातानं सुरू झाला. पण आपोआप उठत का नव्हता, ते अजून बाकी होतं. भाऊंनी संगणक सुरू होताना वाचली जाणारी डिरेक्टरी उघडली. तिथे प्रत्येक सेवेचा एक दुवा असतो, नावाच्या सुरुवातीला एस आणि एक आकडा. झेब्राचा दुवा तिथे नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. अकरा दिवसांनी वैतागून मीच तो काढून टाकला होता.

"ती वॉर्निंग होती, मॅडम. एरर नव्हती. काम झालं होतं तुमचं पहिल्याच दिवशी."

माझे डोळे भरून आले. दोन वेळा सगळं पुसून नव्यानं बसवलं ते एका इशाऱ्याला चूक समजून. भाऊंनी ते पाहिलं असावं. ते रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. शेजारच्या रद्दीतून बाद झालेलं एक तालिका कार्ड उचललं, उलटं केलं आणि त्यावर त्या आठ ओळी, म्हणजे वॉर्निंग मागत होती ती एलएसबी इन्फर्मेशन, लिहून दिल्या. लिहिताना सांगत होते. हॅशनं सुरू होणारी ओळ शेल वाचत नाही, सोडून देतो. पण संगणक उठताना कोणाच्या आधी कोण उठवायचं हे जो ठरवतो तो नेमक्या याच ओळी वाचतो. तिसऱ्या ओळीवर, 'रिक्वायर्ड-स्टार्ट'वर, त्यांचं पेन थांबलं.

"ही ओळ महत्त्वाची. माझ्या आधी कोण उठलेलं पाहिजे. ज्याला हे सांगता येत नाही त्याला सिस्टीम कुठं बसवावं तेच कळत नाही."

त्या दिवशी आणखी एक गाठ निघाली. मी सगळं रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकारानं चालवत आले होते, त्यामुळे झेब्राच्या सूचीच्या फाइलींची मालकी रूटकडे गेली होती, आणि झेब्रा उठायचा कोहा नावाच्या साध्या वापरकर्त्याच्या नावानं. त्याला त्या फाइलींत लिहिता येत नव्हतं. मालकी बदलली, झालं. मग भाऊंनी संगणक नीट बंद करून सुरू केला. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा झेब्रा उठला. रात्रीचे नऊ वाजले होते. माझे यजमान मला न्यायला आले होते, ते दारात उभे राहून हे बघत होते. पैशांचं पाकीट मी पुढे केलं तर भाऊ म्हणाले, "सर्व्हिसला मराठीत सेवा म्हणतात, मॅडम. हजूर साहेबच्या गावात सेवेचे पैसे घेऊ का?"

जाता जाता त्यांनी शोधाच्या चौकटीत कुरुंदकर असं देवनागरीत टाइप केलं. शून्य. मग रोमन लिपीत टाइप केलं. पुस्तकं आली. आम्ही सगळ्या नोंदी रोमनमध्येच भरल्या होत्या.

"मराठी पुस्तक इंग्रजीत का शोधायचं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. १० फेब्रुवारी १९८२ ला ते गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. भाऊंनी तरुणपणी त्यांची व्याख्यानं ऐकली होती, पुस्तकं मात्र सलग वाचायची राहून गेली होती. ते आमच्या महाविद्यालयाचे कर्मचारी नव्हते, त्यामुळे नियमानं त्यांना पुस्तक घरी देता येत नव्हतं. मी माझ्या खात्यावर काढून द्यायला लागले. 'जागर' नेलं, 'शिवरात्र' नेलं, 'धार आणि काठ' नेलं. परत करायच्या तारखेला, एक दिवस मागे ना पुढे, स्कूटर दारात. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असायचं. समिती येऊन गेली, वर्षं गेली, पण ही देवघेव थांबली नाही. याच काळात कधीतरी मी मॅडमची ताई झाले.

आता २०१६. लातूर.

त्या वर्षी लातूरला पाणी नव्हतं, हे सगळ्या देशानं वाचलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वे सुरू झाली. १२ एप्रिलला पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटर पाण्याची. माहेरी वहिनी पाहुण्यांना फोन करून सांगत होती की सध्या येऊ नका. असं सांगावं लागतं याचंच तिला रडू यायचं.

नेमकं त्याच महिन्यात माझ्या मैत्रिणीनं, लातूरच्या एका लहान महाविद्यालयाच्या ग्रंथपालानं, मला कोहा बसवून द्यायला बोलावलं. दोघींची महाविद्यालयं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली, अडचणी सारख्याच. मी ठरवलं होतं की इथे पहिल्या दिवसापासून नोंदी देवनागरीत भरायच्या. भाऊंचा चार वर्षांपूर्वीचा प्रश्न डोक्यात होता आणि उत्तरही आता मिळालं होतं. झेब्राची मूळ मांडणी रोमन अक्षरांच्या कोष्टकावर चालते, तिला आपली काना-मात्रा, जोडाक्षरं कळत नाहीत. त्याऐवजी युनिकोडची आयसीयू ही व्यवस्था वापरायला सांगितली की तिला जगातल्या सगळ्या लिप्यांमधले शब्द ओळखता येतात. त्यासाठी एका फाइलीत थोडा बदल करावा लागतो.

एव्हाना लिनक्सचं घरही बदललं होतं. डेबियन ८ या लिनक्समध्ये जुन्या सुरुवातीच्या स्क्रिप्टांची जागा सिस्टमडीनं घेतली होती, आणि कोहा बांधून ठेवलेल्या पॅकेजच्या रूपात मिळत होतं. स्क्रिप्टला हात लावायची गरजच उरली नव्हती. मी फाइलीत बदल केला, सेवा पुन्हा सुरू केली, स्थिती विचारली. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: ॲक्टिव्ह. शोधून बघितलं. शून्य. देवनागरीत शून्य, रोमनमध्येही शून्य.

दोन दिवस मी धडपडले. मग फोन केला. भाऊ फोनवरूनच सांगतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "उद्या रविवार आहे. येतो."

लोहा, अहमदपूर, चाकूर करत येणारी सकाळची एसटी. मी बसस्थानकावर घ्यायला गेले. भाऊ उतरले, मग वळून कंडक्टरच्या मदतीनं एक निळा कॅन खाली घेतला. वीस लिटरचा, तोंडाला प्लास्टिकचा कागद आणि सुतळी बांधलेला. नांदेडहून, गोदावरीच्या गावाहून, ते पाणी घेऊन आले होते.

"माझ्यापुरतं आणलंय. उरलं तर तुमच्या घरी राहू द्या," म्हणाले.

मला आजही हे लिहिताना थांबावं लागतं. त्या महिन्यात लातूरमध्ये माझ्या घरच्यांकडे कितीतरी लोक आले आणि गेले. स्वतःच्या चुळीचं पाणी बरोबर घेऊन आलेला पाहुणा एकच.

मैत्रिणीच्या ग्रंथालयात बसून त्यांनी ती हिरवी ओळ नीट वाचली. ॲक्टिव्ह या शब्दापुढे कंसात एक्झिटेड होतं, तिकडे मी लक्षच दिलं नव्हतं. त्याचा अर्थ, सेवा सुरू करणारी स्क्रिप्ट आपलं काम करून निघून गेली. तिनं ज्याला सुरू केलं तो जिवंत आहे की नाही, हे त्यात नव्हतं. "पडला की उभा आहे हे त्याच्या घरी जाऊन बघावं लागतंय," म्हणत त्यांनी कोहाच्या स्वतःच्या लॉगची डिरेक्टरी उघडली. झेब्राच्या एररच्या फाइलीत एकाच वाक्याची रांग होती: फार लवकर बंद पडतोय, ३०० सेकंद थांबतो. पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, पुन्हा पडणं, पुन्हा पाच मिनिटं. दोन दिवस तो बिचारा असा उठत आणि पडत होता, आणि मी हिरवं अक्षर बघून दुसरीकडेच शोधत होते.

मी बदललेली ओळ त्यांनी वाचायला सांगितली. मोठ्यानं, अक्षर न् अक्षर. जुन्या फाइलीच्या नावाची सुरुवात वर्ड अशी होती. नव्या फाइलीचं नाव वर्ड्सनं सुरू होतं. मी जुन्यावरून नवं लिहिताना शेवटचा 'एस' घातलाच नव्हता. त्या नावाची फाइल नव्हती, म्हणून झेब्रा उठताक्षणी पडत होता.

अक्षर घातलं. सगळी सूची नव्यानं बांधायला सांगितली. भाऊंनी पिशवीतून 'जागर' काढलं, माझ्याच खात्यावरचं, आणि वाचत बसले. सूची बांधून झाली तेव्हा मैत्रिणीनं चौकटीत देवनागरीत कुरुंदकर टाइप केलं. यादी आली. तिच्या ग्रंथालयात त्यांची जेवढी पुस्तकं होती तेवढी सगळी, मराठीत, आपल्या अक्षरांत. भाऊंनी पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांना एक गंमत दाखवायची होती. त्यांनी कोहाच्या पॅकेजमधल्या सुरुवातीच्या स्क्रिप्टा उघडल्या. डोक्यावर त्याच ओळी होत्या, ज्या त्यांनी मला कार्डावर लिहून दिल्या होत्या. डेबियनसाठी कोहा बांधायचं मूळ काम लार्स विर्झेनियस यांनी वेलिंग्टनमधल्या कॅटॅलिस्ट या कंपनीत असताना केलं. हे तेच लार्स, जे हेलसिंकी विद्यापीठात लिनस टॉर्व्हाल्ड्सचे सहाध्यायी आणि मित्र होते. १९९१ मध्ये लिनसनं लिनक्सची सुरुवात केली तेव्हा ते शेजारी होते, आणि लिनक्सच्या गाभ्यातल्या एका फाइलीच्या डोक्यावर दोघांची नावं आजही एकत्र आहेत. फिनलंडचा माणूस, न्यूझीलंडचं ग्रंथालय, डेन्मार्कचं शोधयंत्र. भाऊ एकेक नाव वाचत होते, जसं लग्नघरी आहेराची वही वाचतात तसं. त्या वहीत शेवटचं नाव नांदेडच्या भाऊंचं आहे असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायला हवं होतं. राहून गेलं.

त्या रात्री ते नांदेडला परत गेले. कॅनमधलं पाणी अर्ध्याहून जास्त उरलं होतं. वहिनीनं ते दोन दिवस पुरवलं.

२०१७ मध्ये नांदेडची आमची प्रणालीही मी पॅकेजवर आणली, आयसीयू बसवलं आणि रोमनमधल्या मराठी नोंदी एकेक करून देवनागरीत आणायला घेतल्या. त्याला तीन वर्षं लागली. भाऊ २०१८ मध्ये निवृत्त झाले, मुखेड तालुक्यात गावी असतात, शेती बघतात. दिवाळीत फोन होतो. मोबाइलवरून आमच्या ग्रंथालयाचा कॅटलॉग उघडून ते अधूनमधून काहीतरी शोधतात आणि एखाद्या नोंदीत ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर कळवतात. ते मी त्याच दिवशी दुरुस्त करते.

आयसीयूसाठी बदललेल्या त्या फाइलीत मी अगदी वर एक ओळ घातली आहे. हॅशनं सुरू होणारी, देवनागरीत, भाऊंचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख. झेब्रा ती वाचत नाही. पण दर वेळी कोहाची नवी आवृत्ती घेताना त्या फाइलीतही नवा बदल आला असेल, तर डेबियनच्या लक्षात येतं की माझी फाइल मूळची राहिलेली नाही, आणि ते थांबून विचारतं: नवी फाइल घेऊ, की तुमची आहे तीच ठेवू? मी माझी ठेवायला सांगते.